स्लीपमधून उठताना डेस्कटॉप रीस्टार्ट होतो? आधी तो कुठे पडतो ते शोधा

डेस्कटॉप स्लीपवर टाकलेला असतो. कीबोर्डवरचं एखादं बटण दाबलं की पंखे फिरू लागतात, मॉनिटर उजळतो आणि उघड्या ठेवलेल्या फायली दिसण्याऐवजी मदरबोर्ड कंपनीचा लोगो येतो. पुढे विंडोज पहिल्यापासून सुरू होतं आणि सेव्ह न केलेलं सगळं गेलेलं असतं. काही मशीनवर हे दरवेळी होतं, काहींवर अधूनमधून. दुसरा प्रकार जास्त छळतो, कारण उपाय लागू पडला की नुसताच योग जुळून आला, हे कळायलाच कित्येक दिवस जातात.

या तक्रारीवर सल्ल्यांना तोटा नाही. ड्रायव्हर अपडेट करा, बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) अपडेट करा, रॅम बदला, विंडोज नव्याने टाका. यातला प्रत्येक सल्ला कोणाच्या तरी मशीनवर बरोबर ठरलेला असतो, पण तुमच्या मशीनवर कोणता ठरेल हे त्यातून कळत नाही. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी मशीन उठताना नेमक्या कोणत्या टप्प्यावर पडतं ते ठरवायचं. तेवढं ठरलं की बरेचसे संशयित आपोआप बाजूला होतात.

लेख मुख्यतः विंडोज १० आणि ११ धरून लिहिला आहे. काही ठिकाणी कमांड आहेत. त्या इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची. 'पॉवरसीएफजी' म्हणजे पॉवर या शब्दाला जोडूनच सी, एफ, जी ही अक्षरं.

मशीन उठतं म्हणजे काय होतं

डेस्कटॉपवरची नेहमीची स्लीप म्हणजे एसीपीआय या वीज व्यवस्थापनाच्या मानकातली एस३ ही अवस्था. तीत प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, डिस्क, पंखे सगळं बंद असतं. जिवंत राहते ती रॅम, आणि मशीन जागं करायची मुभा असलेली कीबोर्ड, नेटवर्क कार्ड यांसारखी उपकरणं. यांना वीज मिळते ती एसएमपीएसमधल्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या पेटीतल्या) ५ व्होल्टच्या स्टँडबाय लाइनमधून. मशीन बंद असो वा झोपलेलं, प्लगला वीज आहे तोवर ही लाइन चालूच असते.

उठायचा इशारा मिळाला की मदरबोर्ड एसएमपीएसच्या मुख्य लाइन सुरू करवतो. व्होल्टेज स्थिरावल्यावर एसएमपीएस 'पॉवर गुड' असा सिग्नल देतो आणि मग बायोसचं काम सुरू होतं. एरवी बायोस रॅमची टायमिंग नव्याने जुळवून घेतो, ज्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. इथे तसं करून चालत नाही, कारण रॅममधला मजकूर जपायचा असतो. म्हणून आधी साठवून ठेवलेली टायमिंग जशीच्या तशी परत लावली जाते आणि ताबा विंडोजकडे जातो. शेवटी विंडोज एकेका ड्रायव्हरला त्याचं उपकरण जागं करायला सांगतं.

थोडक्यात आधी वीज, मग बायोस आणि रॅम, मग ड्रायव्हर. पहिल्या दोन टप्प्यांत काही बिघडलं तर विंडोजला पत्ताही लागत नाही. मशीन रीसेट होतं आणि मागे काही नोंद राहत नाही. तिसऱ्या टप्प्यात बिघडलं तर बहुधा निळी स्क्रीन येते आणि काहीतरी नोंद मागे राहते. पुढची सगळी तपासणी या एका फरकावर उभी आहे.

तुमचं मशीन खरोखर एस३ वापरतं का, तेही पाहून घ्या. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /ए' द्या. उपलब्ध अवस्थांची यादी येते. तिच्यात 'स्टँडबाय (एस३)' असेल तर हा लेख तंतोतंत लागू. 'एस० लो पॉवर आयडल' दिसलं तर मशीन मॉडर्न स्टँडबायवर आहे. तिथे प्रोसेसर पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे रॅमपेक्षा ड्रायव्हर आणि फर्मवेअरवर जास्त संशय घ्यायचा. अशा मशीनवर 'पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी' ही कमांड अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली की झोपेतल्या घडामोडींचा अहवाल मिळतो.

हा खरंच रीस्टार्ट आहे का?

हा प्रश्न विचारायचा राहून जातो आणि लोक थेट रॅम विकत घेतात.

पहिली खूण सोपी आहे. लोगो आल्यानंतर लॉगिन केलं की आधी उघडे असलेले प्रोग्रॅम तसेच आहेत का? असतील तर मशीन रीस्टार्ट झालेलं नाही, ते हायबरनेटमधून उठलं आहे. विंडोजमध्ये ठरावीक वेळ झोपून झाल्यावर मशीन हायबरनेटमध्ये जाण्याची सोय आहे. त्यात रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून वीज पूर्ण तोडली जाते, म्हणून उठताना लोगो दिसतो. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'हायबरनेट आफ्टर' पाहा. तिथे बऱ्याचदा १८० मिनिटं असतात. 'नेव्हर' केलं की हा विषय संपला.

याचाच एक फसवा भाऊ आहे. त्याच ठिकाणी 'अलाउ हायब्रिड स्लीप' असा पर्याय दिसतो. तो चालू असेल तर विंडोज झोपताना रॅमची एक प्रत डिस्कवरही ठेवतं. एस३ मधून उठणं फसलं तर ती प्रत कामाला येते आणि सगळं परत मिळतं. म्हणजे दोष आहे, पण हायब्रिड स्लीप त्यावर पांघरूण घालतंय. दोन मिनिटंच झोपवलेलं मशीनसुद्धा लोगो दाखवून उठत असेल आणि प्रोग्रॅम शाबूत असतील, तर हेच चाललंय असं समजा. तपासणीपुरती हायब्रिड स्लीप बंद ठेवा, नाहीतर खरं चित्र दिसणार नाही.

दुसरी शक्यता विंडोज अपडेटची. मशीन रात्री स्वतःहून जागं होतं, अपडेट टाकतं, रीस्टार्ट होतं आणि पुन्हा झोपी जातं. सकाळी आपल्याला वाटतं की आपण उठवल्यामुळे ते कोसळलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम, तो कसा उघडायचा ते पुढे आहे) १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर कोणत्या प्रोग्रॅमने कशासाठी रीस्टार्ट मागितला ते तिच्यात लिहिलेलं असतं.

तिसरी, झोपेत वीज जाणं. एस३ मध्ये थोडा वेळ जरी पुरवठा तुटला तरी रॅम कोरी होऊ शकते. वीज परत आल्यावर मशीन बंद दिसतं. तुम्ही बटण दाबता आणि ते नव्याने सुरू होतं. बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग असेल तर ते तुमची वाटही पाहत नाही. सैल प्लग, जुनं एक्स्टेन्शन बोर्ड, बॅटरी संपत आलेला यूपीएस हे इथले गुन्हेगार. तपासणी चालू आहे तोवर मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला जोडा.

चौथी शक्यता कॅबिनेटच्या बटणांची. पॉवर बटण साधारण ४ सेकंद दाबून धरलं की मशीन सक्तीने बंद होतं, ही हार्डवेअरमधलीच सोय आहे. बटण आत अडकत असेल तर तुम्ही उठवायला दाबता आणि तेच मशीनला बंद पाडतं. आठ-दहा वेळा फक्त कीबोर्डने उठवून पाहा. फरक पडला तर बटणाची वायर बदलायची. रीसेट बटणाची दोन पिनची वायर मदरबोर्डवरून काढून ठेवली तरी काही बिघडत नाही. ती काढल्यावर त्रास थांबला तर खर्चही नाही आणि डोकेदुखीही नाही.

नोंदी वाचा

वरचं काहीच लागू नसेल तर आता इव्हेंट व्ह्यूअर. स्टार्टवर उजवी क्लिक केली की सापडतो. डावीकडे 'विंडोज लॉग्ज', त्यात 'सिस्टम'. यादी मोठी असते, म्हणून शेवटच्या प्रसंगाच्या वेळेपाशी जा आणि खालच्या क्रमांकांवर लक्ष ठेवा.

कर्नल-पॉवर ४२ म्हणजे मशीन झोपायला निघालं. कर्नल-पॉवर १०७ म्हणजे झोपेतून परतलं. पॉवर-ट्रबलशूटर १ म्हणजे नीट परतलं, आणि कोणी उठवलं तेही त्यात असतं. कर्नल-पॉवर ४१ म्हणजे मागच्या वेळी मशीन रीतसर बंद न होता गेलं. ४१ पाहून पुष्कळ जण घाबरतात आणि तोच दोष समजतात. ती नोंद म्हणजे नुसता पंचनामा असतो, तोही पुढच्या वेळी मशीन सुरू झाल्यावर केलेला. त्यामुळे तिच्यावरची वेळ ही कोसळण्याची वेळ नव्हे.

४१ च्या नोंदीत 'डिटेल्स' टॅब उघडा. तिथे 'बगचेककोड' असं लिहिलेलं असतं आणि समोर एक आकडा. सगळ्या तपासणीत सर्वांत मोलाचा आकडा हाच.

आकडा शून्य असेल, ४२ नंतर १०७ ची नोंद नसेल आणि थेट सुरू झाल्याच्या नोंदी असतील, तर मशीन बहुधा विंडोजच्या हाती पोहोचण्याआधीच पडलं. संशय वीज, बायोस, रॅम यांवर.

आकडा शून्य नसेल तर विंडोज जागं झालं होतं आणि निळ्या स्क्रीनने मेलं. हा आकडा दशमान पद्धतीत असतो, तर निळ्या स्क्रीनवरचे कोड षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीत, म्हणून दोन्ही जुळत नाहीत. १५९ म्हणजे ९एफ, ड्रायव्हरने वीज-अवस्था बदलायला वेळेत साथ दिली नाही. स्लीपच्या तक्रारींत नेहमी भेटणारा कोड हाच. १६० म्हणजे ए०, वीज व्यवस्थापनातलीच चूक. २७८ म्हणजे ११६, ग्राफिक्स ड्रायव्हर. १२२ म्हणजे ७ए, डिस्कवरून मजकूर वाचता आला नाही. २९२ म्हणजे १२४, हार्डवेअरनेच दोष कळवला आहे आणि सोबत 'व्हीआ-लॉगर' नावाची नोंद असण्याची शक्यता मोठी.

एक सावधगिरी. शून्य आकडा ड्रायव्हरला पूर्ण निर्दोष ठरवत नाही. उठताना विंडोज असलेली डिस्कच जागी झाली नाही तर निळ्या स्क्रीनची नोंद लिहायची कुठे? तेव्हाही शून्यच दिसतो. १०७ ची नोंदसुद्धा डिस्कवर पोहोचण्याआधी मशीन पडू शकतं. म्हणून शून्याकडे पक्का निकाल म्हणून न पाहता, आधी कुठल्या बाजूला खणायचं याचा इशारा म्हणून पाहा.

निळी स्क्रीन क्षणात निघून जात असेल तर तिला थांबवता येतं. 'सिसडीएम.सीपीएल' रन करा, 'अॅडव्हान्स्ड' टॅबमधल्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. पुढच्या वेळी मशीन निळ्या स्क्रीनवरच थांबेल. ही खूण काढल्यावरही मशीन न थांबता रीसेट झालं तर ते विंडोजने केलेलं नाही, याचा बऱ्यापैकी भक्कम पुरावा हाती आला. त्याच खिडकीत डंपचा (कोसळतानाची स्थिती नोंदवणाऱ्या फाइलचा) प्रकार 'ऑटोमॅटिक' किंवा 'स्मॉल' ठेवा. पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) बंद केली असेल तर चालू करा, तिच्याशिवाय डंप लिहिला जात नाही.

दोन चाचण्या, ज्यांनी वाट ठरते

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी या दोन करा.

पहिली चाचणी हायबरनेटची. स्टार्ट मेन्यूत तो पर्याय दिसत नसेल तर पॉवर बटणांच्या सेटिंगमधून चालू करता येतो. मशीन अनेकदा हायबरनेट करून उठवा. दरवेळी व्यवस्थित उठलं आणि स्लीपमधून मात्र पडत राहिलं, तर ड्रायव्हरवरचा संशय कमी करा, कारण हायबरनेटमध्येही ड्रायव्हरना झोपावं आणि उठावं लागतं. फरक आहे तो रॅम स्टँडबाय विजेवर जिवंत ठेवण्याचा आणि बायोसने ती तशीच परत ताब्यात घेण्याचा. हायबरनेटमधूनही पडत असेल तर ड्रायव्हर किंवा डिस्क. हायबरनेटची फाइल खराब झाल्याची शंका असेल तर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' आणि मग 'पॉवरसीएफजी /एच ऑन' दिलं की ती नव्याने तयार होते.

दुसरी चाचणी लिनक्सची. पेनड्राइव्हवरून चालणारं कुठलंही लाइव्ह लिनक्स सुरू करा. काही इन्स्टॉल करायचं नाही, तुमच्या डिस्कला हात लागत नाही. तिथून मशीन सस्पेंड करा आणि उठवा. आधी सिस फोल्डरमधल्या पॉवर फोल्डरातली 'मेम अंडरस्कोअर स्लीप' ही फाइल वाचून घ्या. तिच्यात 'डीप' हा शब्द चौकटी कंसात असेल तर सस्पेंड म्हणजे एस३च. लिनक्समध्येही तसाच रीसेट झाला तर विंडोज नव्याने टाकण्यात एक संध्याकाळ घालवायची गरज उरत नाही. चाचणी पुन्हा पुन्हा करायची असेल तर 'आरटीसीवेक' ही कमांड मशीनला झोपवून ठरलेल्या सेकंदांनी उठवते. अधूनमधून येणारा दोष पकडायला तिच्यासारखं साधन नाही.

झोपेची लांबीही बदलून पाहा. दोन मिनिटांच्या झोपेतून दरवेळी उठतं आणि रात्रभराच्या झोपेतून नाही, असं असेल तर वीजपुरवठा, स्टँडबाय लाइन किंवा वर सांगितलेलं हायबरनेटचं घड्याळ. दोन मिनिटांतही पडत असेल तर रॅमची सेटिंग, बायोस किंवा ड्रायव्हर.

निळी स्क्रीन सापडली तर

हा रस्ता तुलनेने सोपा आहे, म्हणून थोडक्यात.

विंडोज फोल्डरमधल्या 'मिनीडंप' फोल्डरात फाइल असेल तर मायक्रोसॉफ्टचं विनडीबीजी हे मोफत साधन घेऊन ती उघडा आणि 'अॅनालाइझ'च्या दुव्यावर क्लिक करा. निकालात ड्रायव्हरच्या फाइलचं नाव बहुधा मिळतं. ते नाव विंडोजच्याच एखाद्या मूळ फाइलचं निघालं तर लगेच विश्वास ठेवू नका. मार खाणारा आणि मारणारा यांत गल्लत होते.

नाव हाती नसेल तर ग्राफिक्स, नेटवर्क, चिपसेट, स्टोरेज या क्रमाने जा. ड्रायव्हर मदरबोर्ड किंवा कार्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमना दूर ठेवा. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर नव्याच्या मागे न लागता डिव्हाइस मॅनेजरमधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये मुळासकट काढून मग नवा टाकणं जास्त खात्रीचं.

ड्रायव्हरइतकेच संशयास्पद असतात ते दिव्यांचे रंग बदलणारे, पंख्यांचा वेग आणि तापमान दाखवणारे, ओव्हरक्लॉक करणारे प्रोग्रॅम. हे थेट हार्डवेअरशी बोलतात आणि झोपेतून उठताना एकमेकांच्या पायात पाय घालतात. नुसते बंद न करता काढूनच टाका आणि काही दिवस पाहा.

डिस्कचा संशय असेल तर एसएसडीचं फर्मवेअर कंपनीच्या साधनाने अपडेट करा आणि पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसचं 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद करून पाहा.

आणि प्रत्येक बदलानंतर 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' करा. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर साठवून ठेवले जातात, नव्याने लोड होत नाहीत.

नोंद कोरी असेल तर

खरी खोदाई इथे आहे. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. दोन बदल एकदम केले आणि मशीन सुधारलं तर दोष कोणता होता हे कधीच कळणार नाही.

सुरुवात रॅमच्या प्रोफाइलपासून. बायोसमध्ये एक्सएमपी, डीओसीपी किंवा एक्सपो नावाची सेटिंग असते. ती चालू केली की रॅम पाकिटावर छापलेल्या वेगाने चालते. पण तो वेग बऱ्याचदा प्रमाण वेगापेक्षा वरचा, म्हणजे ओव्हरक्लॉकच असतो. दिवसभर गेम खेळताना कुरकुर न करणारी रॅम स्लीपमधून उठताना दगा देऊ शकते, कारण तिथे साठवलेली टायमिंग थंड झालेल्या बोर्डावर पहिल्याच झटक्यात लागू पडावी लागतात. प्रोफाइल बंद करा. डीडीआर४ रॅम बहुधा २१३३ किंवा २६६६ वर, डीडीआर५ रॅम बहुधा ४८०० वर उतरलेली दिसेल. आता झोपवून पाहा.

त्रास थांबला तर दोष सापडला, पण रॅम खराबच आहे असं नाही. वेग एक पायरी कमी करून, किंवा रॅमचं व्होल्टेज प्रोफाइलमध्ये सांगितलेलंच लागलंय ना हे पाहून, मधला मार्ग निघतो. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' नावाची सेटिंग असते, ती उलटी करून पाहा. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन रॅम मिसळल्या असतील तर एकीवरच चाचणी घ्या. एकच काडी असताना ती मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्येच हवी.

मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा, चूक निघाली तर रॅम किंवा तिची सेटिंग दोषी. चूक निघाली नाही म्हणून रॅम सुटली असं मात्र धरू नका. ही चाचणी जागेपणी घेतली जाते आणि आपली तक्रार झोपेची आहे.

प्रोसेसरचं व्होल्टेज कमी केलं असेल, कर्व्ह ऑप्टिमायझरशी (एएमडी प्रोसेसरचं व्होल्टेज बदलणारी सेटिंग) खेळला असाल, तर तेही मूळ पदावर आणा. सरळ 'लोड ऑप्टिमाइज्ड डीफॉल्ट्स' करणं उत्तम. आधी मोबाइलने सेटिंगचे फोटो काढून ठेवा, म्हणजे नंतर आठवत बसावं लागणार नाही. डीफॉल्ट केल्यावर विंडोजच सुरू झालं नाही तर डिस्क कंट्रोलरचा मोड बदलला गेला असेल. फोटो पाहून तेवढा परत लावा.

त्यानंतर बायोसची आवृत्ती. कंपनीच्या साइटवर नव्या आवृत्त्यांची टिपणं वाचा. 'मेमरी कम्पॅटिबिलिटी' किंवा 'एस३ रिझ्यूम' असा उल्लेख असेल तर अपडेट करण्यात अर्थ आहे. काहीच उल्लेख नसेल तर मी तरी घाई करणार नाही. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

मग यूएसबी. कीबोर्ड आणि माउस सोडून सगळं काढा. हब, वेबकॅम, बाहेरची डिस्क, डोंगल, प्रिंटर, सगळं. झोपेत या सगळ्यांचा भार त्याच ५ व्होल्टच्या स्टँडबाय लाइनवर येतो. एसएमपीएसच्या लेबलवर '५व्हीएसबी'समोर या लाइनची क्षमता लिहिलेली असते, सहसा २.५ ते ३ अँपिअर. झोपलेल्या मशीनच्या पोर्टवर रात्री फोन चार्जिंगला लावायची सवय असेल तर चाचणीपुरती मोडा. काही काढल्यावर मशीन नीट उठू लागलं तर एकेक परत जोडत जा.

आता कॅबिनेट उघडायचं. प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि मग आत जा. रॅम काढून परत घट्ट बसवा. २४ पिनचा आणि प्रोसेसरजवळचा पॉवर कनेक्टर दाबून पाहा. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर ग्राफिक्स कार्ड काढून मॉनिटर बोर्डाला जोडा आणि तसंच झोपवून पाहा. या एका चाचणीने कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि उठतानाचा त्याचा विजेचा झटका असे तीन संशयित एकदम तपासले जातात. मदरबोर्डवर फुगलेले किंवा गळलेले कपॅसिटर दिसले तर शोध तिथेच संपला.

राहिला एसएमपीएस. मशीनमध्ये सगळ्यात जास्त तास राबणारा भाग म्हणजे त्याचा स्टँडबाय विभाग, मशीन बंद असलं तरी त्याला सुट्टी नसते. त्यातले कपॅसिटर म्हातारे होतात आणि मग रॅमला झोपेत लागणारी वीज डगमगते, किंवा उठताना मुख्य लाइन सुरू होण्याच्या क्षणी व्होल्टेज खाली जातं. मल्टिमीटर असेल तर २४ पिनच्या कनेक्टरमधली जांभळी तार मोजता येते, ती ९ क्रमांकाची पिन. तिथे ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत आकडा हवा. त्याबाहेर असेल तर एसएमपीएस बाद. आत असेल तर मात्र निकाल लागत नाही, कारण क्षणभराची घसरण साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. खात्रीची चाचणी एकच, दुसरा चांगला एसएमपीएस काही दिवस उसना लावून पाहणं. केबलही त्याच्याच वापरा. मॉड्युलर (केबल काढता-घालता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल एका कंपनीच्या दुसऱ्याला बसतात, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळते. एसएमपीएसची पेटी स्वतः उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणी वीज साठलेली असू शकते.

एसएमपीएस बदलूनही फरक नाही, एकच रॅम, प्रमाण वेग, डीफॉल्ट बायोस, लिनक्समध्येही तोच रीसेट, असं सगळं जुळलं तर उरतो मदरबोर्ड. क्वचित प्रोसेसर, पण इतर वेळी मशीन ठणठणीत चालत असेल तर त्याची पाळी सगळ्यात शेवटी. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी लोक उगाच बदलतात. ती स्वस्त आहे, बदला हवी तर, पण प्लग जोडलेला असताना झोपेतल्या रॅमचा तिच्याशी संबंध नसतो. घड्याळ मागे पडत असेल किंवा बायोसच्या सेटिंग पुसल्या जात असतील तरच तिच्याकडे पाहा.

बोर्ड बदलेपर्यंत

बोर्ड वॉरंटीत नसेल, किंवा एवढ्यासाठी बदलायची इच्छा नसेल, तर एस३ला वळसा घाला. पॉवर ऑप्शन्समध्ये 'स्लीप आफ्टर' 'नेव्हर' करा, 'हायबरनेट आफ्टर'ला हवी ती मिनिटं द्या आणि पॉवर बटणाला हायबरनेटचं काम नेमून द्या. एसएसडीवर हायबरनेटमधून उठायला स्लीपपेक्षा काही सेकंदच जास्त लागतात आणि झोपेत वीज गेली तरी काम शाबूत राहतं. डेस्कटॉपसाठी मला हीच रचना मुळातही बरी वाटते. हायब्रिड स्लीप चालू ठेवून दिवस काढणाऱ्यांचंही काम चालतं, फक्त दर उठण्याला एक फसलेला प्रयत्न वाया जातो.

बोर्ड वॉरंटीत असेल तर तक्रार देताना बोर्डाचं मॉडेल, बायोसची आवृत्ती, रॅमच्या काडीवरचा पार्ट नंबर, ४१ च्या नोंदीतला बगचेककोड, प्रोफाइल बंद असतानाचा निकाल आणि लिनक्सचा निकाल एकत्र लिहून द्या. 'विंडोज पुन्हा टाकून पाहा' हे उत्तर त्यांना मग देता येत नाही.